बाळू पळवणकर यांचा चेंडू

मंडळी, आपल्या खाप्याला कन्हान नदी आहे. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरते. काठाला मोकळी जागा मिळते. मग पोरे तिथे क्रिकेट मांडतात. तीन काठ्या रोवल्या, लाकडाची एक फळी घेतली, रबरी चेंडू आणला, की झाला खेळ सुरू. ज्याचा चेंडू चांगला पडतो, त्याला दोन्ही बाजू ओढतात. "तू आमच्याकडे ये, तू आमच्याकडे ये."

मागावर बसणारे एखादे काका म्हणतील, "हा तर पोरांचा खेळ हाये जी. त्याचा धडा कायले वाचाचा?"

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण याच खेळात एका माणसाने आपली उमर घातली. त्याने चेंडू टाकला की लोक वाहवा करीत. त्याने पाणी मागितले की लोक वेगळे भांडे शोधीत. त्या माणसाचे नाव बाळू पळवणकर. आज त्याची गोष्ट वाचू.

१. झाडूवाला पोरगा

कोकणात रत्नागिरीच्या मुलखात एक गाव आहे. बाळूचे घराणे मूळ तिथले. गावावरून आडनाव पडले पळवणकर. जातीने चांभार. त्या काळी या लोकांना अस्पृश्य मानीत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा माणूस.

बाळूचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. बाप फौजेच्या नोकरीत होता. पुढे कुटुंब पुण्यात राहिले. घरात चार भाऊ. बाळू थोरला. त्याच्या पाठचे शिवराम, गणपत आणि विठ्ठल.

पुण्यात फौजेची छावणी होती. छावणीत गोरे साहेब क्रिकेट खेळत. पारशी लोकही खेळत. बाळू लहान असतानाच पारशांच्या एका क्लबात कामाला लागला. काम काय? मैदान झाडायचे, जमिनीवर रूळ फिरवायचा. पगार महिन्याला ३ रुपये.

पुढे १८९२ च्या सुमारास त्याला साहेबांच्या पूना क्लबात काम मिळाले. पगार एका रुपयाने वाढला. ३ चे ४ झाले. काम तेच. झाडायचे, रूळ ओढायचा, जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या.

पण पोराचे डोळे उघडे होते. साहेब चेंडू कसा धरतात, कसा सोडतात, ते तो पाहत होता. झाडता झाडता शिकत होता. त्याला कोणी शाळेत बसवून हा खेळ शिकवला नाही.

२. साहेबाला बाद करणारा नोकर

एकदा एका साहेबाने बाळूला म्हटले, "जरा मला चेंडू टाक पाहू." बाळूने चेंडू टाकला. साहेबाला तो नीट खेळता येईना. तेव्हापासून बाळूच्या कामात एक काम वाढले. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

बाळू डावखुरा. डाव्या हाताने चेंडू टाकी. तो चेंडू फार वेगाचा नसे, पण त्यात मोठी करामत असे. सुताला आपण पीळ देतो ना, तसा तो बोटांनी चेंडूला पीळ देई. चेंडू जमिनीवर टेकला की भलतीकडेच वळे. कधी तो चेंडू उंच सोडी, कधी सपाट. कधी हळू, कधी जरा जोरात. हात मात्र तसाच फिरे. समोरच्याला अंदाज येत नसे.

साहेबांच्यात कॅप्टन ग्रेग म्हणून एक मोठा खेळाडू होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई. बाळूला समोर उभा करी आणि तासभर सराव करी. असे सांगतात की, बाळूने बाद केले की ग्रेग त्याला दर वेळी ८ आणे बक्षीस देई. ८ आणे म्हणजे अर्धा रुपया. हिशेब करा. महिन्यातून आठ वेळा साहेब बाद झाला, की बाळूला पगाराएवढे पैसे वर मिळाले!

साहेबाचा सराव झाला. साहेबाचा खेळ सुधारला. बाळूचाही हात तयार झाला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. इतकी वर्षे चेंडू टाकले, तरी साहेबांनी बाळूच्या हाती फळी कधी दिली नाही. फळी साहेबाची, घाम नोकराचा.

३. चेंडू एक, भांडी दोन

त्या वेळी पुण्यात हिंदू लोकांचाही एक क्लब होता. त्यांना साहेबांशी सामना खेळून जिंकायचे होते. त्यांच्यापुढे पेच पडला. गावातला सगळ्यात चांगला गोलंदाज कोण? बाळू. पण बाळू अस्पृश्य. मग घ्यावे की न घ्यावे?

क्लबात वाद झाला. काही म्हणाले, घ्या. काही म्हणाले, छे, कसे घेता? शेवटी जिंकायची ओढ मोठी ठरली. बाळूला संघात घेतले.

आता पाहा गंमत. गंमत कसली, दुःखच ते. मैदानावर अकरा जण एकच चेंडू हाताळीत. बाळूच्या हातातला चेंडू ब्राह्मणाच्या हातात जाई, तिथून पुन्हा बाळूच्या हातात येई. तिथे विटाळ नव्हता. मग चहाची सुट्टी होई. बाकीचे दहा जण आत बसत. त्यांना चिनी मातीच्या पेल्यात चहा मिळे. बाळू बाहेर उभा राही. त्याला मातीच्या भांड्यात चहा मिळे. पिऊन झाला की ते भांडे फेकून द्यायचे. जेवायला त्याचे पान वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल, तर त्याच्याच सारख्या नोकराने ते कोपऱ्यात आणून द्यायचे.

सुट्टी संपली की पुन्हा तेच लोक म्हणत, "बाळू, आता तूच चेंडू टाक. तूच हा गडी बाद कर."

वर्गातल्या एका मावशींनी हे ऐकून विचारले, "गुरुजी, त्याच्या हातचा चेंडू चालला, मंग त्याच्या हातचं पाणी कावून नाही चाललं?"

मावशींचा प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर त्या दहा जणांपाशी नव्हते. आपल्याला माणसाचे काम हवे असते. माणूस नको असतो. हीच तर सारी खोट आहे.

४. साताऱ्याची खेळपट्टी

बाळूमुळे पुण्याचा हिंदू संघ जिंकू लागला. एकदा साताऱ्याला सामना ठरला. तिथला क्लब फक्त गोऱ्यांचा. त्यांना बाळूची कीर्ती ठाऊक होती. त्यांनी एक युक्ती केली.

क्रिकेटमध्ये दोन्ही बाजूंच्या काठ्यांच्या मध्ये ६६ फूट जागा असते. तिला खेळपट्टी म्हणतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको, की सगळी जमीन सारखी नसते. जमीन जराशी ओली, भेगाळलेली किंवा उखडलेली असली, की चेंडू तिला धरतो आणि वळतो. जमीन दाबून दाबून टणक केली, की चेंडू घसरत सरळ येतो. मग पीळ देऊन उपयोग काय?

साताऱ्याच्या साहेबांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवला. जमीन दगडासारखी केली. त्यांना वाटले, आता बाळूची करामत संपली.

पण बाळूने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला होता. जमीन कशी वागते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? त्याने त्या टणक जमिनीवरही सात गडी बाद केले. पुण्याचा संघ सहज जिंकला.

पुण्यात मोठा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भर सभेत बाळूच्या गळ्यात हार घातला. लोकमान्य टिळकांनीही दुसऱ्या एका सभेत त्याचे कौतुक केले. अस्पृश्य माणसाच्या गळ्यात इतक्या मोठ्या माणसाने सर्वांसमक्ष हार घालावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

५. मुंबईचा सामना

१८९६ च्या सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली. लोक गाव सोडून जाऊ लागले. बाळूही पुढे मुंबईला गेला. तिथे रेल्वेत नोकरी लागली. तिथल्या हिंदू जिमखान्यात खेळायला मिळाले. तिथेही आधी काही सभासदांनी नाक मुरडले. पण जिमखान्याचे कप्तान कीर्तीकर यांनी बाळूची बाजू घेतली.

बाळू आता कर्ता माणूस झाला होता. म्हणून येथून पुढे आपण त्यांना अहो-जाहो करू.

१९०६ सालचा फेब्रुवारी महिना. मुंबईत हिंदू संघाचा सामना गोऱ्यांच्या संघाशी ठरला. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य. राज्य त्यांचे, खेळही त्यांचाच. त्यांना त्यांच्या खेळात हरवायचे, ही मोठी गोष्ट होती. सामना पाहायला लोकांची रीघ लागली. हिंदू संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही होते.

क्रिकेटच्या मोठ्या सामन्यात प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. गोऱ्यांनी १९१ केल्या. दुसऱ्या डावात हिंदू संघाच्या १६० धावा झाल्या. आता गोऱ्यांना जिंकायला २१२ धावा हव्या होत्या. त्यांचा सारा संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले. दोन्ही मिळून आठ.

मैदानावर एकच जल्लोष झाला. दुसरीही एक गोष्ट घडली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' नावाचे सुधारकांचे एक पत्र मुंबईत निघे. त्या पत्राने लिहिले की, या भावांना संघात घेतल्याने हजारो तरुणांची मने मोकळी झाली. दुसऱ्या कशाने इतके काम झाले नव्हते. ज्या माणसाला पुण्यात बाहेर चहा मिळे, तोच मुंबईत सगळ्यांबरोबर बसून जेवू लागला. बाळूंनी भाषण केले नव्हते. भांडण केले नव्हते. पण त्यांचे काम बोलत होते.

६. विलायतेचा दौरा

१९११ साली हिंदुस्थानचा एक संघ जहाजाने विलायतेला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज. संघात हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते. कप्तान शीख. त्यांच्यात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ.

त्या देशातली थंडी वेगळी, पाऊस वेगळा, जमीन वेगळी. आपल्या संघाचे हाल झाले. एकूण २३ सामने झाले. त्यांतले ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. महाराजांनी फार थोडे सामने खेळले. मग ओझे कोणी ओढले?

बाळूंनी ओढले. तेव्हा त्यांची उमर पस्तिशीची होती. खांदा दुखत होता. तरी त्यांनी साऱ्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे तर एका डावात आठ गडी त्यांनी घेतले. लीस्टरशर नावाच्या परगण्याच्या संघाला आपण हरवले, त्यातही मोठा वाटा बाळूंचा होता. सॉमरसेटच्या संघाला हरवले, तेव्हा शिवरामांनी शतक ठोकले. संघ हरला, पण ज्या दोघा भावांना एके काळी बाहेर उभे ठेवीत, त्यांनी विलायतेत देशाची लाज राखली.

परत आल्यावर मुंबईत त्यांच्या लोकांनी बाळूंचा मोठा सत्कार केला. त्यांना मानपत्र दिले. ते मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. होय, तेच. ज्यांनी पुढे १९५६ साली आपल्या नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेच बाबासाहेब.

७. कप्तान कोण?

मुंबईत दर वर्षी मोठे सामने होत. एक संघ गोऱ्यांचा, एक पारशांचा, एक हिंदूंचा. १९१२ पासून मुसलमानांचाही संघ आला. असे चार संघ झाले. संघाचा एक कप्तान असतो. कोणी चेंडू टाकायचा, कोणी कुठे उभे राहायचे, ते कप्तान ठरवतो. घरात जसा कर्ता, तसा संघात कप्तान.

हिंदू संघात सगळ्यात जुने, सगळ्यात अनुभवी कोण? बाळू. सगळ्यात जास्त गडी कोण बाद करी? बाळू. मग कप्तान कोण व्हावा? तुम्हीच सांगा.

पण बाळू कप्तान झाले नाहीत. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान केले. पै भला माणूस. त्यांनी उघड सांगितले की, हा मान खरे तर बाळूंचा होता. तरीही वरच्या मंडळींनी ऐकले नाही. दर वर्षी तेच. चेंडू बाळूंनी टाकायचा, हुकूम दुसऱ्याने करायचा. अस्पृश्याने हुकूम करावा आणि वरच्या जातीच्या लोकांनी तो पाळावा, हे त्यांच्या मनाला सोसत नव्हते.

म्हणजे बघा, पंगतीत जागा मिळाली, पण पंगतीच्या वर जागा मिळाली नाही.

८. स्कॉटलंडची एक गोष्ट

याच्याही आधीची एक गोष्ट ऐका. ती दूरच्या मुलखातली आहे. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. तिथे पायाने खेळायचा चेंडू, म्हणजे फुटबॉल, फार लोकप्रिय. त्या देशाच्या संघात अँड्र्यू वॉटसन नावाचा एक खेळाडू होता. त्याचा बाप गोरा होता, आई काळी. त्याचा जन्म १८५६ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका इंग्रज वसाहतीत झाला.

१२ मार्च १८८१ ला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना झाला. त्या दिवशी स्कॉटलंडचा कप्तान होता वॉटसन. काळ्या माणसाच्या हुकमात दहा गोरे खेळले. स्कॉटलंडने ६ गोल केले, इंग्लंडने १. काळा माणूस कप्तान झाला म्हणून आभाळ कोसळले नाही. उलट संघ जिंकला.

पण एक फरक सांगायला हवा. वॉटसनच्या मागे बापाची इस्टेट होती. तो मोठ्या शाळेत शिकला होता. बाळूंच्या मागे झाडू होता आणि महिन्याचे ४ रुपये होते. वॉटसनला जे १८८१ साली मिळाले, त्यासाठी बाळूंचे घराणे पुढे १९२३ पर्यंत झगडत राहिले. ते कसे, ते आता वाचू.

९. दोन भावांचा नकार

१९२० साल आले. बाळूंची उमर चव्वेचाळीसच्या घरात गेली. त्या वर्षी त्यांना संघातून गाळले. पै आजारी होते. त्यांच्या जागी कप्तान म्हणून विठ्ठल यांचा हक्क होता. विठ्ठल म्हणजे सगळ्यात धाकटे भाऊ. फळी चालवण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. पण कप्तानपद त्यांनाही दिले नाही.

आता मात्र भावांचा संयम संपला. शिवराम आणि विठ्ठल यांनी सांगितले, "आम्ही खेळणार नाही." त्यांनी जाहीर पत्रक काढले. केवळ जातीमुळे आम्हाला मागे ठेवतात, असे त्यांनी त्यात उघड लिहिले. इतकी वर्षे जे मनात होते, ते कागदावर आले. गावोगाव चर्चा झाली. गांधीजींची अस्पृश्यतेविरुद्धची चळवळही त्या दिवसांत जोर धरीत होती. लोकांना लाज वाटू लागली.

मग काय झाले? शेवटच्या सामन्यासाठी दोन्ही भावांना परत बोलावले. बाळूंनाही घेतले आणि उपकप्तान केले. पै बरे होऊन कप्तान म्हणून आले होते. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. म्हणजे मैदानावर हुकूम कोणाचा? बाळूंचा. पंचवीस वर्षे ज्याची वाट पाहिली, ते असे थोड्या वेळापुरते मिळाले.

पुढे १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले. त्यांच्या संघाने गोऱ्यांना हरवले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. ज्याला शिवत नव्हते, त्याला खांद्यावर घेतले!

थोरल्या भावाने वाट झाडली, धाकटा त्या वाटेने पुढे गेला.

विठ्ठल यांनी आणखी एक चांगले काम केले. त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे मराठी पुस्तक १९४८ साली निघाले. लिहिता येत होते, म्हणून घराण्याची गोष्ट उरली. तुमच्या घरातही अशा किती गोष्टी असतील. त्या कोण लिहील? तुम्हीच लिहा.

१०. शेवटची वर्षे

बाळू खेळातून निवृत्त झाले. पहिल्या प्रतीचे ३३ सामने त्यांच्या नावावर आहेत. त्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. पुढे ते सार्वजनिक कामात पडले. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. निवडणुकीत अस्पृश्यांना किती जागा आणि कशा द्यायच्या, याचा तो करार होता. त्यावर अनेकांच्या सह्या आहेत. त्यांत बाळूंचीही सही आहे.

पण बाळू आणि डॉ. आंबेडकर यांचे रस्ते वेगळे पडले. बाळू गांधीजींच्या काँग्रेसकडे वळले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत दोघे समोरासमोर उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली. बाळूंना ११,२२५. बाळू हरले. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले, त्यानेच निवडणुकीत हरवले. दोघांनाही अस्पृश्यता नको होती. ती घालवायची कशी, याबद्दल मत वेगळे होते. एकाच घरात दोन भावांची मते वेगळी असतात. हे तसेच झाले.

१९३२ साली हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना विलायतेत झाला. दोन देशांच्या सगळ्यात मोठ्या सामन्याला कसोटी म्हणतात. त्या वेळी आपल्या संघाचे कप्तान होते सी. के. नायडू. ते आपल्या नागपुरात जन्मलेले. बाळूंना कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात देशाचा कसोटी संघच नव्हता.

देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. मग कायदा झाला. तो १ जून १९५५ पासून लागू झाला. विहिरीवर, हॉटेलात, देवळात, दुकानात कोणाला जातीमुळे अडवले, वेगळे भांडे दिले, तर तो गुन्हा ठरला. आज त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. पुढे १९८९ साली आणखी कडक कायदा झाला. असा प्रकार कोठे दिसला तर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू वारले. म्हणजे कायदा लागू झाल्यावर ते एक महिना आणि तीन दिवस जगले. फेकून द्यायच्या भांड्यात चहा प्यालेल्या माणसाने, असे भांडे देणे हा गुन्हा झालेला पाहिला. एवढे त्यांच्या नशिबी होते.

कायदा कागदावर आहे. त्याला आता बरीच वर्षे झाली. पण लग्नाच्या पंगतीत, पाणवठ्यावर, चहाच्या टपरीवर आपण काय करतो, ते आपले आपण पाहावे. कन्हानच्या काठी पोरे एकच चेंडू हाताळतात. खेळ संपल्यावर ती पाणीही एकाच तांब्यातून पितात का? आज घरी जाताना जरा पाहून जा.

नवे शब्द

डावखुरा : डाव्या हाताने काम करणारा.
गोलंदाज : चेंडू टाकणारा खेळाडू.
खेळपट्टी : चेंडू टाकण्याची लांब, सपाट जागा.
अनिर्णित : ज्यात कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही असा.
मानपत्र : गौरव म्हणून लिहून दिलेला कागद.
कलम : घटनेतला किंवा कायद्यातला एक भाग.

हिशेब करा

१. १९०६ च्या सामन्यात हिंदू संघाच्या दोन डावांच्या धावा मिळवा : २४२ आणि १६०. गोऱ्यांच्या दोन डावांच्या धावा मिळवा : १९१ आणि १०२. फरक किती येतो?

२. १९३७ च्या निवडणुकीत बाळूंना किती मते कमी पडली?

३. दौऱ्यात २३ सामने झाले. बाळूंनी ११४ गडी बाद केले. एका सामन्यामागे साधारण किती गडी झाले?

बोला आणि लिहा

१. बाळूंनी खेळ कोठे शिकला? कसा शिकला?

२. साताऱ्याच्या साहेबांनी खेळपट्टीवर रूळ का फिरवला?

३. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. ते बरोबर केले का? तुम्हाला काय वाटते, ते वर्गात सांगा.

४. तुमच्या घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : "तुमच्या लहानपणी पाणी कोण कोठून भरत होते?" ते जे सांगतील, ते पाच ओळींत लिहून आणा.